गाताना टिपलेला गवई : छायाचित्राचे गुणदोष कसे सांगावेत?

छायाचित्राविषयी मत देणे ही आपल्याकडे फार सोपी गोष्ट मानली जाते. चित्र समोर आले की "छान आहे" म्हणावे, किंवा "तोंड वेडेवाकडे आले आहे" असे म्हणून बाजूला सारावे. याहून अधिक काही बोलण्याचा प्रसंग बहुधा येत नाही. लग्नातल्या किंवा सहलीतल्या चित्रांपुरते हे ठीक आहे. परंतु गवई गात असताना किंवा वादक वाजवीत असताना, त्याला बसवून न घेता, त्याचे कॅमेऱ्याकडे लक्ष नसताना जे छायाचित्र अवचित टिपले जाते, त्याच्या बाबतीत ही दोन्ही मते निरुपयोगी ठरतात. पहिल्या मताने छायाचित्रकाराच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्याने पुष्कळदा चांगले चित्र फुकट जाते. अशा चित्राचे गुणदोष सांगावेत कसे, दोष दिसलाच तर तो कोणाच्या पदरात घालावा, आणि मुळात हा प्रश्न उत्पन्न कसा झाला, याचा इतिहास येथे थोडक्यात मांडावा असा आमचा विचार आहे.

हा विषय पिंपळे गुरवसारख्या ठिकाणी बोलण्याजोगा आहे, याला कारण आहे. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख अशी तीन पिंपळे जवळजवळ नांदत आली आणि प्रत्येक आपल्या दुसऱ्या नावाने ओळखले गेले. आपल्या वाट्याला आलेले नाव गुरवाचे. बारा बलुतेदारांमध्ये गुरव हा देवळाचा सेवेकरी. पूजा करावी, पत्रावळी पुरवाव्यात हे त्याचे काम; आणि कित्येक गावी देवळातले वाजपही त्याच्याकडेच असे. पखवाज, सनई, चौघडा यांच्या आवाजावर गावाचा दिवस उगवत आणि मावळत असे. अशा शेकडो वादकांनी पिढ्यानपिढ्या महाराष्ट्रातली देवळे जागती ठेवली. पण त्यांचे नाव मागे राहिले नाही आणि चेहराही राहिला नाही. चित्र निघे ते राजाचे, सरदाराचे, फार तर दरबारी गवयाचे.

आता काळ अगदी उलट झाला आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग इतर कारखाने आले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पवनेकाठच्या गावांचे एक शहर बनले. चहूकडून आलेल्या माणसांनी आपापले भजन, आपापले नाट्यगीत, आपापली लावणी बरोबर आणली. पिंपळे गुरवात निळू फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तेथे कार्यक्रम असो की गल्लीतल्या मंडपात हरिनाम सप्ताह असो, गाणाऱ्यापुढे दहा-वीस तरी हात यंत्र उगारून असतात. एका रात्रीत एका गायकाची दोनशे चित्रे निघतात. पूर्वी चेहरा हरवत असे तो चित्र नसल्यामुळे. आता तो हरवतो चित्रांच्या गर्दीत. त्या दोनशेंतून जे एक निवडले जाईल तेच उद्या निमंत्रणपत्रिकेवर छापले जाईल, आणि परवा, माणूस गेल्यावर, हार घालून भिंतीवर लागेल. निवड म्हणजेच परीक्षण. ते नीट झाले नाही, तर एका माणसाची आयुष्यभराची साधना पुढच्या पिढीला एका चुकीच्या क्षणावरून ओळखावी लागते.

गाताना माणसाचा चेहरा कसा दिसतो, याचा विचार कॅमेऱ्याच्या फार आधी आपल्याच मुलखात झालेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा मोठा विद्वान होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचे पद हिशेबखात्याच्या प्रमुखाचे. आणि कीर्ती मात्र त्याला मिळाली ती 'संगीतरत्नाकर' या ग्रंथामुळे. या ग्रंथात गायकाचे गुण सांगून झाल्यावर त्याने गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. बेसूर, बेताल, कावळ्यासारखा आवाज, नाकात गाणे हे दोष कानाला कळणारे. परंतु त्या यादीत कित्येक दोष असे आहेत, की ते कानाला नव्हे तर डोळ्याला कळतात. दात आवळून गाणारा तो संदष्ट. अक्राळविक्राळ तोंड उघडणारा तो कराली. उंटासारखी मान वर करणारा तो करभ. कपाळाच्या आणि गळ्याच्या शिरा ताणून गाणारा तो झोंबक. भोपळ्यासारखे गाल फुगविणारा तो तुंबकी. मान वाकडी करणारा तो वक्री, हातपाय पसरणारा तो प्रसारी, आणि डोळे मिटून गाणारा तो निमीलक.

ही यादी वाचताना हसू येते, कारण यांतला प्रत्येक गवई आपण पाहिलेला आहे. पण तिच्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की शार्ङ्गदेवाने प्रत्येक दोषाला स्वतंत्र नाव दिले. "वाईट गातो" असे मोघम म्हटले नाही. ज्या दोषाला नाव आहे तो सुधारता येतो. मोघम नापसंतीवर उपाय नसतो. दुसरी गोष्ट अशी, की यादीतला निमीलक आज दोषी राहिलेला नाही. डोळे मिटून गाणाऱ्याला आपण तल्लीन म्हणतो, आणि छायाचित्रकार तर त्याच क्षणाची वाट पाहतात. म्हणजे दोषांच्या याद्या उपयोगी असतात, पण त्या कायमच्या नसतात. परीक्षकाने यादी जवळ ठेवावी, आणि समोरचे चित्र तिच्याहून मोठे असू शकते हेही ध्यानात ठेवावे.

यापुढे कॅमेऱ्याची कथा सुरू होते. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याच्या पद्धतीची घोषणा झाली, आणि पुढल्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे या विद्येकडे प्रारंभीच वळलेल्या एतद्देशीयांपैकी होत. परंतु त्या काळच्या यंत्राला सवड फार लागे. काचेच्या ओल्या तावदानावर चित्र उमटायला प्रकाशाप्रमाणे कित्येक सेकंद जात. तेवढा वेळ बसलेल्या माणसाने हलता कामा नये, म्हणून पुष्कळ ठिकाणी मानेमागे लोखंडी टेकू लावीत. अशा यंत्रापुढे गवई बसला तर त्याने गायचे कसे? एक तान घेतली की चेहऱ्याच्या जागी धुके उमटायचे. म्हणून त्याने तंबोरा मांडीवर घ्यायचा, पगडी नीट करायची, पदके लावायची, आणि तोंड मिटून समोर पाहायचे.

जुन्या संग्रहातली गवयांची चित्रे पुन्हा एकदा या दृष्टीने पाहावीत. त्यांतल्या बहुतेकांचे तोंड मिटलेले आहे. ज्यांची सारी कीर्ती उघड्या गळ्याची, त्यांची ओळख आपल्याला मिटलेल्या ओठांनी झाली. यात गवयाचा दोष नाही आणि छायाचित्रकाराचाही नाही. दोष यंत्राच्या संथपणाचा आहे. परीक्षकाने हे जाणले नाही तर तो जुन्या गवयांना "कडक", "रुक्ष", "गर्विष्ठ" अशी विशेषणे लावून मोकळा होतो. आणि ती विशेषणे खरे पाहता मानेमागच्या टेकूला लागू असतात.

स्टुडिओच्या चित्राला एक मोठा गुणही होता, तो विसरता कामा नये. बसणाऱ्याची त्याला संमती असे; नव्हे, चित्रात त्याचा निम्मा वाटा असे. बालगंधर्वांचे उदाहरण घ्यावे. नारायणराव राजहंसांची स्त्रीभूमिकेतली छायाचित्रे घरोघर गेली, आणि शालू कसा नेसावा, अंबाडा कसा घालावा याचे धडे त्यांवरून घेतले गेले. त्या चित्रांतली मानेची कलती ठेवण आणि बोटांची ठेवण ही बसविलेली होती हे खरे. पण बसविणारे स्वतः बालगंधर्वच होते. आपण कसे दिसावे हे त्यांनी ठरविले आणि यंत्राने ते नोंदवून घेतले. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडले. तेथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची दोन चित्रे आहेत, एक स्त्रीवेषातले आणि एक पुरुषवेषातले. दोन्ही समोर ठेवून पाहणाऱ्याला कळते, की व्यक्तिचित्र म्हणजे नुसता चेहरा नव्हे. चेहऱ्याच्या धन्याने जगापुढे काय ठेवावयाचे ठरविले, तेही त्यात असते.

ध्वनिमुद्रणाने आणखी एक ताटातूट घडविली. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचा आवाज तबकडीवर घेतला गेला आणि तेथून हिंदुस्थानी गायकांचा आवाज घरोघर पोहोचू लागला. आता आवाज एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे. कर्ण्यातून ऐकणाऱ्याच्या मनात चेहऱ्याची भूक उत्पन्न झाली. ती भागवायला होते मिटल्या तोंडाचे तेच चित्र. गाणारा चेहरा पाहायचा तर मैफिलीलाच गेले पाहिजे, असे पुढे कित्येक वर्षे राहिले.

ही कोंडी फुटली ती लहान कॅमेऱ्याने. १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. त्याच सुमारास एरिख सॉलोमन नावाचा एक वकील मंद उजेडातही चालणारा छोटा कॅमेरा घेऊन न्यायालयांत आणि राजनैतिक परिषदांत शिरू लागला. मुत्सद्दी जांभया देताना, पेंगताना, एकमेकांच्या कानाला लागताना त्याने टिपले. १९३१ साली त्याने या चित्रांचे पुस्तक काढले. त्याच्या नावातच बेसावध क्षणांचा उल्लेख होता. एका इंग्रजी नियतकालिकाने या प्रकाराला 'कॅन्डिड कॅमेरा' असे नाव दिले आणि तो शब्द रूढ झाला. सॉलोमन ज्यू होता. १९४४ साली ऑशविट्झच्या छावणीत त्याचा अंत झाला. पण त्याने दाखविलेली वाट सर्व जगाची झाली: माणसाला बसवू नका, त्याच्या कामात त्याला पाहा.

महाराष्ट्रात ही वाट संगीताकडे वळायला एक सुयोग जुळून आला. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर १९५२ साली निवर्तले, आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. त्यामागची मोठी शक्ती त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांची होती. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म लहान कॅमेऱ्यांसाठी निघाली, आणि मंचावरच्या दिव्यांच्या उजेडातच, झगझगीत फ्लॅश न उडविता चित्र घेणे आवाक्यात आले. एकीकडे हजारो श्रोत्यांसमोर तासन् तास गाणारे कलावंत, दुसरीकडे त्यांना न खुपता टिपू शकणारे यंत्र. अशा योगातून संगीताच्या छायाचित्रकारांची एक परंपराच उभी राहिली. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी १९८०च्या दशकापासून या महोत्सवातल्या कलावंतांची जी चित्रे घेतली, ती रसिकांच्या परिचयाची आहेत. दिल्लीच्या रघु राय यांनी देशभरच्या थोर संगीतकारांची चित्रे घेतली आणि २०१० साली त्यांचा ग्रंथ निघाला.

आता ज्याच्यासाठी हा सारा प्रवास केला त्या प्रश्नाकडे येऊ. भीमसेनांचे गातानाचे कोणतेही चित्र घ्या आणि शार्ङ्गदेवाची यादी शेजारी ठेवा. मान वळलेली आहे: वक्री. हात दूरवर फेकलेला आहे: प्रसारी. डोळे मिटलेले आहेत: निमीलक. गळ्याच्या शिरा दिसतात: झोंबक. यादीप्रमाणे गवई चारदा नापास झाला! परंतु ज्यांनी त्यांना ऐकले त्यांना ठाऊक आहे, की तो हात कोठे तरी दूर असलेला स्वर ओढून आणीत असे, आणि तो स्वर आला की चेहरा लहान मुलासारखा निवळत असे. मग चित्राचा दोष कोणता आणि गुण कोणता?

आमचे उत्तर असे आहे. चेहरा सुंदर आहे की विद्रूप, हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारावयाचे ते हे: हा चेहरा स्वराच्या वाटेवरचा आहे, की स्वराला पोहोचलेला, की वाटेत अडखळलेला? ताल आवर्तनाने चालतो. समेकडे जाताना ताण वाढतो, समेवर तो सुटतो. तबल्याच्या ठेक्यावर ज्याचे लक्ष आहे, तो छायाचित्रकार सम येण्याच्या किंचित आधी तयार असतो. ज्याचे नाही, तो कोठेही बटण दाबतो आणि नशिबावर विसंबतो. आकारात घेतलेल्या तानेत तोंड गोल उघडते व चेहऱ्याला एक आकार असतो. बोल उच्चारताना ओठ क्षणोक्षणी मोडतात, आणि त्या मोडण्यातला एखादा क्षण वेगळा काढला तर थोर गायकही कण्हत असल्यासारखा दिसतो. म्हणून "तोंड वेडेवाकडे आले" असे म्हणण्याऐवजी "हा क्षण बोलाच्या मध्यावरचा आहे, समेवरचा पाहू या" असे म्हटले, तर छायाचित्रकाराला उद्याच्या मैफिलीत काय करावयाचे ते कळते. गुणदोषविवेचन विधायक होते ते असे.

वादकाच्या बाबतीत प्रश्न थोडा निराळा होतो, कारण त्याचा एक चेहरा मानेवर आणि दुसरा हातांत असतो. तबल्यावरची बोटे स्तब्ध दिसावीत तर यंत्राचे पापणे सेकंदाच्या पाचशेव्या हिश्श्यात मिटले पाहिजे. ते साठाव्या हिश्श्यात मिटले तर बोटांची जागा पुसट होते. कोणते बरोबर? दोन्ही. चेहरा स्वच्छ आणि बोटे पुसट असली तर लय दिसते. पण चेहराही पुसट झाला तर फक्त धांदल दिसते.

या बाबतीत मुंबईत जन्मलेल्या झाकिर हुसेन यांच्या चित्रांची कथा सांगण्यासारखी आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतली एक विद्यार्थिनी त्यांच्या कार्यक्रमात चित्रे घ्यायला गेली. तिला अटकाव झाला, धक्काबुक्कीत ती पडली. पुढे तिने स्वतः झाकिर हुसेन यांना गाठून, आज मी विद्यार्थिनी असले तरी उद्या मोठी छायाचित्रकार होईन, असे त्यांना बजावले. ते रागावले नाहीत. त्यांनी तिला चित्रे घेऊ दिली. ती मुलगी म्हणजे दयानिता सिंह. त्यांनी पुढे कित्येक हिवाळे या तबलजींच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या संगतीने प्रवास केला. १९८६ साली त्या चित्रांचे पुस्तक झाले, आणि २०२२ साली त्यांना हॅसलब्लाड हा छायाचित्रकलेतला जगन्मान्य पुरस्कार मिळाला. झाकिर हुसेन यांना त्या आपले पहिले गुरू मानीत आल्या आहेत; एकाग्रता आणि रियाज म्हणजे काय ते आपण त्यांच्यापासून शिकलो, असे त्यांनी सांगितले आहे. १५ डिसेंबर २०२४ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्या जुन्या चित्रांचे मोल आणखी वाढले. या कथेचा बोध असा, की उत्तम अवचित चित्र हे अनोळखी माणसाकडून चोरून घेतलेले नसते. ज्याची सवय झाली आहे, ज्याच्यावर विश्वास बसला आहे, त्याच्यापुढेच कलावंत खरोखर बेसावध होतो. एखाद्याच्या चित्रांत सारे चेहरे दुरून आणि कडेनेच टिपलेले दिसले, तर त्याला "दुसरे भिंग घ्या" असे सांगण्याआधी "कलावंताशी ओळख करून घ्या" असे सांगावे.

टिपल्यानंतरही काम संपत नाही; चौकट ठरवावयाची असते. १९४६ साली अमेरिकेत अरनॉल्ड न्यूमन याने स्ट्राविन्स्की या संगीतकाराचे चित्र घेतले. ते अवचित नव्हते, मांडून घेतलेले होते. पण चौकटीचा धडा त्याच्यासारखा दुसरा नाही. मूळ चित्रातला बराच भाग कापून टाकून त्याने पियानोचे मोठे काळे झाकण जवळजवळ सारी चौकट व्यापील असे केले, आणि संगीतकाराला खालच्या कोपऱ्यात ठेवले. ते झाकण पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या कोमल स्वराच्या खुणेसारखे दिसते. ज्या मासिकासाठी हे चित्र काढले होते त्याने ते नाकारले. आज मात्र ते जगातल्या नामांकित व्यक्तिचित्रांत गणले जाते. परीक्षकाने यावरून धीमेपणा शिकावा. कोपऱ्यातला माणूस ही चूक आहे की योजना आहे, हे ठरविण्यापूर्वी बाकीची जागा काय करते आहे ते पाहावे.

आता एक साधे चित्र कल्पनेने समोर ठेवू. समजा, पिंपळे गुरवातल्या एखाद्या सप्ताहात भजन चालले आहे. एक वृद्ध बुवा एक हात कानाशी नेऊन अभंगाची उंच जागा घेत आहेत. शेजाऱ्याने मोबाइलवर त्यांचे चित्र टिपले आणि आपल्याला दाखविले. ध्वनिक्षेपकाने बुवांचे निम्मे तोंड झाकले आहे. पाठीमागे देणगीदारांच्या नावांचा फलक आहे आणि डोळा आधी तिकडेच जातो. टाळकऱ्याचा हात मनगटाशी कापला गेला आहे. परंतु बुवांच्या डोळ्यांत जे आहे ते दुर्मिळ आहे.

या शेजाऱ्याला काय सांगावे? प्रथम त्याला सांगावे, की आम्ही बुवांचे डोळे पाहिले. हे स्तुतीसाठी नव्हे. चित्रात जिवंत काय आहे ते त्याला नेमके कळावे, म्हणजे ते तो पुन्हा शोधील. नंतर दोषांची वाटणी करावी. उजेड कमी, त्यामुळे चित्र रवाळ: हा दोष जागेचा, त्याबद्दल त्याला बोल लावू नये. ध्वनिक्षेपक तोंडावर आला: हा दोष उभे राहण्याच्या जागेचा. दोन पावले डावीकडे सरकला असता तर तोंड मोकळे झाले असते, आणि कदाचित फलकही बुवांच्या डोक्यामागे दडला असता. टाळकऱ्याचा हात कापला: हा दोष चौकटीचा. तो हात पूर्ण घ्यावा किंवा पूर्ण सोडावा. मनगटाशी तोडू नये. आणि शेवटी विचारावे, की या चित्राच्या आधीचे आणि नंतरचे चित्र कोठे आहे? पुष्कळदा उत्तम चित्र त्याच्या खिशातच असते आणि त्याने दुसरेच निवडलेले असते.

इतिहासाचे सारे धागे येथे एकत्र येतात. जोवर यंत्र संथ होते तोवर दोष यंत्राचा होता आणि गवयाला तोंड मिटावे लागत होते. पुढे यंत्र वेगवान झाले, पण फिल्मच्या गुंडाळीत छत्तीसच चित्रे मावत. तेथे कस लागे तो क्षण ओळखण्याचा. आज यंत्र अंधारातही पाहते आणि चित्रांना मोजदाद नाही. तेव्हा दोष बहुतेक वेळा निवडीचा असतो. यंत्र जसजसे सुधारत गेले तसतशी जबाबदारी यंत्राकडून माणसाकडे सरकत आली. म्हणून आज चांगल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या परीक्षकाची गरज अधिक आहे.

आणि परीक्षण करताना एका तिसऱ्या माणसाला विसरू नये. चित्र घेणारा समोर असतो, पाहणारे आपण असतो. पण ज्याचे चित्र आहे तो बहुधा तेथे नसतो. त्याच्या वतीने बोलण्याचे काम परीक्षकाचे आहे. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या आणि देशाच्या थोर पुढाऱ्यांना त्यांनी कित्येक वर्षे जवळून टिपले. १९७०च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला; नव्या छायाचित्रकारांचे बेशिस्त वर्तन आपल्याला पाहवेना, असे त्यांनी कारण सांगितले होते. अवचित टिपणे म्हणजे काहीही टिपणे नव्हे, ही मर्यादा त्यांनी जन्मभर पाळली. कलावंताच्या चेहऱ्यावरचे कष्ट दाखविण्यात त्याचा अपमान नाही. घाम, ताणलेल्या शिरा, विस्कटलेले केस हे सारे साधनेचे अलंकार आहेत. परंतु खोकल्याची उबळ, सरकलेले वस्त्र, साथीदारावर क्षणभर आलेला राग हे गाण्याचे भाग नव्हेत. अशा चित्राला कितीही चांगला उजेड लाभला असला, तरी "हे ठेवू नका" असे स्पष्ट सांगणे हेही विधायकच आहे.

आपल्या संगीतात दोष सांगण्याची एक जुनी रीत आहे. शिष्याची जागा चुकली की जाणता गुरू लांबलचक व्याख्यान देत नाही, तो तीच जागा स्वतः गाऊन दाखवितो आणि म्हणतो, "असं घे." त्यात दोष कळतो, उपाय कळतो, आणि शिष्याचा मानही राहतो. छायाचित्राच्या परीक्षकाने हीच रीत उचलावी. "असं घे" म्हणता येईल इतके नेमके जोवर सांगता येत नाही, तोवर पुन्हा एकदा चित्र पाहावे.

देवळाच्या ओसरीवर पखवाज वाजविणाऱ्या गुरवाचा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही. ते आता कोणाच्या हाती नाही. पण आज ज्या भजनी मंडळात, ज्या नाट्यगृहात कोणी जीव ओतून गात आहे, त्याचा चेहरा कोणत्या क्षणी स्मरणात राहावा हे आपल्या हाती आहे. दोनशे चित्रांतून एक निवडावयाला बसाल तेव्हा घाई करू नका. ज्या चित्राकडे पाहताना कान आपोआप टवकारले जातात, ते ठेवा.